पहिल्या पायरीची बिस्किटं

३ जून

चिमटे,

कशी आहेस असं विचारणार नाही. कशी असशील ते मला इथून दिसतंय. मावशीच्या सलूनमागच्या त्या खोलीत, केसांच्या रंगाच्या वासात, तोंड फुगवून बसली असशील. फोनवर तू मला बंद करून टाकलंस म्हणून हे पत्र. कागद बंद करता येत नाही. फार तर फाडता येतो, आणि तू फाडणार नाहीस, कारण लहानपणापासून तुला लोकांचं उघडून वाचायची खोड आहे.

सुट्टीत पंधरा दिवस जाते म्हणालीस, त्याला दीड महिना होऊन गेला. कारण काय, तर मी तुझ्या पोहण्याच्या सरांना चिठ्ठी लिहिली. हो, लिहिली. सहा दिवसांचं शिबिर, शंभर पोरांचं जेवण एकाच स्वयंपाकघरात. तिथल्या माणसाला कशात दूध आहे आणि कशात नाही ते कोण शिकवणार होतं? मी एवढंच कळवलं की दुधाचा थेंब पोटात गेला तर तुझा घसा बंद होईल. त्यांनी घाबरून तुझं नाव काढलं. त्यांनी काढलं, मी नाही. पण तुला राग माझा. बरोबरच आहे, हाताशी मीच असते.

सोबत डबा आहे. नेहमीची बिस्किटं, चोवीस. झाकणावर माझं लेबल आहे: 'दूध नाही. फक्त चिमटीसाठी.' धाकटीला, म्हणजे तुझ्या मावशीला, हात लावू देऊ नकोस. तिची लहानपणापासूनची तऱ्हा आहे, स्वतःचं झाकून ठेवायचं आणि दुसऱ्याचं वाकून बघायचं.

शाळा सुरू व्हायच्या आत ये. तुझी खोली झाडून ठेवली आहे. कपाटही आवरलं. काय काय सापडलं ते आलीस की बोलू.

आई

११ जून

चिमटे,

काल धाकटीच्या फोनवरून मेसेज आला. 'वजन एक्केचाळीस. काहीच खात नाही. फक्त तुझी बिस्किटं खाते. अजून पाठव.' बस, एवढाच. एरवी तुझ्या मावशीला टोमणा मारल्याशिवाय साधं 'बरं' म्हणता येत नाही. या वेळी टोमणा नव्हता, तेव्हाच मी समजले की घाबरली आहे.

गेलीस तेव्हा सेहेचाळीस होतीस. मी वहीत लिहून ठेवलंय.

खोटं कशाला बोलू, मेसेज वाचून मला आधी बरं वाटलं. काळजी नंतर वाटली. दुपारी छापखान्यात बाकीच्या जणी डबे उघडून बसल्या होत्या आणि मी त्यांना सांगितलं, 'आमची चिमटी माझ्या हातचं सोडून कशाला तोंड लावत नाही.' सगळ्या म्हणाल्या, 'आईची माया!' मी मान हलवली. गेली बारा वर्षं मी त्या टेबलाशी भिंग घेऊन बसते, बिस्किटांच्या आणि सूपच्या पाकिटांवरचा बारीक मजकूर तपासते, 'यात दुधाचे अंश असू शकतात' ही ओळ आहे की नाही ते बघते. त्या बारा वर्षांत तिथे माझं कोणी कौतुक केलं असेल तर ते तुझ्यामुळे. हे तुला सांगितलं नव्हतं. सांगून तू शेफारली असतीस.

दुसरा डबा पाठवते आहे. तीस आहेत.

धाकटीने कृती मागितली आहे, घरीच करून घालते म्हणते. तिला सांग, केसांना रंग लावण्याइतकं सोपं नाही ते. माझी कृती माझ्याजवळ राहील. जिला बिस्किटं हवीत तिने ती जिथे होतात तिथे यावं.

आई

२० जून

चिमटे,

साडेएकोणचाळीस. आणि आता म्हणे डॉक्टरीणबाई मध्ये पडल्या आहेत. त्यांना माझ्या वह्या हव्यात, बिस्किटांची कृती हवी, आणि 'मुलीला नेमकं काय सोसत नाही हे कधी, कोणी आणि कसं ठरवलं' हेही हवं. वय काय गं तिचं? पंचवीस? सव्वीस? उंटावरून शेळ्या हाकायला काय जातं! तुझं पोट तिने दोन वेळा दाबून पाहिलं असेल. मी सोळा वर्षं बघते आहे.

कोणी ठरवलं ते ऐक. दीड महिन्याची होतीस तू. दूध प्यायलीस की पाय पोटाशी घेऊन किंचाळायचीस. सगळे म्हणायचे, बाळं रडतातच. धाकटी म्हणायची, तुझंच दूध वाईट असेल. सगळ्यांसमोर म्हणाली, आणि हसली. मग एका सकाळी लंगोट बदलताना शीमध्ये रक्त दिसलं. दोऱ्याएवढं. मी तो लंगोट तसाच पिशवीत घातला आणि तुला पोटाशी बांधून तीन थांबे चालत दवाखान्यात गेले, कारण बसची वाट बघायला पाय थांबेनात. तुझे बाबा तेव्हा जहाजावर होते. चिमटीएवढी होतीस. अंगाला लावलं की तुझं हृदय माझ्या हाडाला लागायचं.

जाड भिंगाचे डॉक्टर होते ते. त्यांनी लंगोट बघितला आणि मला ओरडले नाहीत. म्हणाले, 'बाई, तुम्ही जे दूध पिता, लोणी खाता, त्यातलं तुमच्या दुधातून हिच्यात जातं आणि हिच्या आतड्याला ते सोसत नाही. हा घसा बंद करणारा प्रकार नव्हे. त्यात दोन मिनिटांत अंग सुजतं. हे सावकाश येतं. एक गोष्ट काढून टाकायची आणि काही आठवडे बघायचं. एका वेळी एकच, नाहीतर काही कळत नाही.' मी दूध काढलं. लोणी, चीज, केक, सगळं काढलं. पाव घेतानासुद्धा त्यात काय आहे विचारायचे, दुकानदार मला बघून आत जायचा. तीन आठवड्यांत तुझं रडणं थांबलं. पहिल्यांदा हसलीस ते मी वहीत लिहिलं आहे, वेळेसकट.

डॉक्टर पुढेही काही म्हणाले होते. आता आठवत नाही.

हे मी केलंय. धाकटीने नाही, त्या डॉक्टरीणबाईने नाही. तुझे बाबा खबर कळल्यावर दोन महिन्यांनी आले, तुला उचलून घेतलं आणि मला म्हणाले, 'तू होतीस म्हणून वाचली.' लग्नानंतर त्यांनी माझ्याबद्दल बोललेलं तेवढं एकच चांगलं वाक्य मला आठवतं.

वह्या पाठवणार नाही. डबा पाठवते आहे.

आई

१ जुलै

चिमटे,

अडतीस. शाळा सुरू झाली. तुझ्या वर्गशिक्षिका विचारत होत्या. मी सांगितलं, पोटाचं वाढलंय, हवापालटाला गेली आहे. त्यांनी माझा हात हातात घेतला. 'तुम्ही म्हणून निभावता,' म्हणाल्या. तू तिथे हट्ट करून वाळत बसलीस तरी इथे तुझी लाज मीच झाकायची.

कपाटात काय सापडलं ते सांगते. तुझं लाल कार्ड. 'मला दूध देऊ नका', गळ्यात घालायचं. छापखान्यात मीच छापून घेतलं होतं, पाणी लागून शाई पसरू नये म्हणून वर प्लास्टिक चढवून. तू ते कात्रीने मधोमध कापून मोज्यात लपवून ठेवलंस. पोरं तुला 'लेबल' म्हणायची म्हणून ना? म्हणू दे की. धाकटी गोरी, म्हणून मला लहानपणी 'काळी' म्हणायचे, मी काही कापलं नाही.

आणि शेजारच्या मुलीचा वाढदिवस विसरलीस का? सात वर्षांची होतीस. मी तुला दारात सोडलं, सांगून सवरून. परत आले तर तू अंगणात धावत होतीस आणि पायरीवर आइस्क्रीमचे दोन कप, दोन्ही चाटून पुसून. शेजारीण म्हणते, 'अहो, तास होऊन गेला खाऊन, काही झालं नाही हो तिला.' मी ओरडले. 'चिमटे, दूध होतं त्यात!' तू थांबलीस, माझ्याकडे बघितलंस आणि दोन मिनिटांत तिथेच ओकलीस. सगळ्यांनी बघितलं. शेजारीण रडायला लागली. सहा महिने मला तोंड दाखवत नव्हती. मग कोण खरं ठरलं? तुला दूध सोसतं की नाही हे माझ्याइतकं कोणाला ठाऊक असणार?

त्यानंतर शाळेने मला पालकांच्या बैठकीत बोलायला बोलावलं. हेडमास्तर पहिल्या रांगेत. लहान बाळांना काय होतं, शाळेत जाणाऱ्या पोरांना कसं जपायचं, मोठी मुलं लपवून कशी खातात, सगळं मी न अडखळता सांगितलं. तू मागे बाकावर कार्ड घालून बसली होतीस, मी बोट दाखवलं की उभी राहायचीस.

तर ऐक. वह्या हव्यात, कृती हवी, सगळं मिळेल. बस पकड आणि ये. मी काही तुझ्या त्या डॉक्टरीणबाईच्या पाया पडायला येणार नाही. छापखान्यात घाईचे दिवस आहेत, आणि तू धाकटीजवळ म्हणालीसच आहेस ना, आई आली तर मी बाबांकडे निघून जाईन? जा. त्यांच्या नव्या बायकोला विचार तुझ्यासाठी वेगळी भांडी ठेवते का.

डबा पाठवला आहे. या वेळी थोडी करपली. वाणसामानाच्या दुकानात गर्दी होती, उशीर झाला. तो विचारत होता, 'ताई, पावडर नेहमीचीच ना?' कपड्यांची पावडर गं. उगाच सांगितलं.

आई

९ जुलै

चिमटे,

सदतीस.

मी विचार केला. मी डबे पाठवते म्हणून तू तिथे राहू शकतेस. म्हणजे तुझं हे जे नाटक चाललंय त्याला पीठ मीच मळून देते. तेव्हा या आठवड्यात डबा नाही. पुढच्याही नाही. बिस्किटं केली आहेत, ओट्यावर आहेत, घर वासाने भरलंय. तिकिटाची वेळ धाकटीला विचार. सकाळी सातची बस पकडलीस तर दुपारच्या जेवणाला घरी.

वाईट आई म्हण. म्हण म्हण. इतर कोणाला म्हणायला तुला जागाच कुठे आहे.

धाकटीला दोनदा फोन केला, उचलला नाही. तिला सांग, पोरगी सांभाळता येत नसेल तर परत पाठव. स्वतःला झालं नाही म्हणून दुसऱ्याचं घेऊन बसू नये.

(हे शेवटचं वाक्य लिहायला नको होतं. पण शाईने लिहिलंय.)

आई

१६ जुलै

चिमटे,

सकाळी मेसेज आला. छत्तीस. 'पाणी पिते. बाकी काही नाही.'

मी छापखान्यात गेले. मुलांच्या एका खाऊचं पाकीट तपासायला होतं. मी ते सही करून पुढे पाठवलं आणि जेवणाच्या सुट्टीत लक्षात आलं की मी त्यावरचं एक अक्षर वाचलेलं नाही. बारा वर्षांत पहिल्यांदा. धावत जाऊन परत आणलं. मग रजा टाकून घरी आले आणि आता स्वयंपाकघरातल्या टेबलाशी बसले आहे. चारच्या आत हे लिहून झालं पाहिजे, नंतर माझं मन फिरेल.

जाड भिंगाचे डॉक्टर पुढे जे म्हणाले होते ते मला पाठ आहे. ते म्हणाले, 'बहुतेक मुलांचं हे तीन वर्षांच्या आसपास आपोआप जातं. तेव्हा आपण पुन्हा देऊन बघायचं. विसरू नका बरं, काढणं सोपं असतं, परत देणं लोक विसरतात.' तू तीन वर्षांची झालीस तेव्हा त्यांनी मला एक कागद दिला. त्यावर पायऱ्या होत्या. पहिली पायरी बिस्किट, दूध पावडर घालून चांगलं भाजलेलं. भाजलं की दुधाचा त्रास कमी होतो. मग केक, मग चीज, मग दही, शेवटी पेलाभर दूध. एकेक पायरी सोसली की वरची.

मी रविवारी सकाळी दहा वाजता तुला पहिलं बिस्किट दिलं. जमिनीवर तुझ्यासमोर बसून राहिले, घड्याळ मांडीवर. तू ते खाल्लंस आणि अजून मागितलंस. संध्याकाळपर्यंत काही झालं नाही. दुसऱ्या दिवशी दोन दिली. तिसऱ्या दिवशी तीन. शी चांगली, झोप चांगली, अंगावर डाग नाही.

तिसऱ्या दिवशी बाबांचा फोन आला. म्हणाले, 'कशी आहे? ठीक असेल तर मी इथूनच पुढच्या जहाजावर चढतो, वर्षभराचं काम आहे.' मी म्हटलं, 'उलट्या होतायत. रक्तही आहे.' विचार करून नाही म्हटलं. तोंडातून गेलं. ते आठ दिवसांत घरी आले. तू त्यांच्या पायाला मिठी मारलीस, आणि मी वही काढून उलट्या लिहिल्या, सकाळची, दुपारची, संध्याकाळची. एकदा लिहिलं की ते खरंच झाल्यासारखं दिसतं, अक्षर तर माझंच.

डॉक्टरांनाही तेच सांगितलं. ते म्हणाले, सहा महिन्यांनी पुन्हा बघू. सहा महिन्यांनीही मी तेच सांगितलं. मग ते निवृत्त झाले आणि मी दुसऱ्या कोणाकडे गेलेच नाही. बाबा तू सहा वर्षांची असताना गेले ते गेलेच, उलट्यांनीही थांबले नाहीत. तेव्हा मी सोडू शकले असते. पण तोवर शाळेत, शेजारी, छापखान्यात मी 'त्या चिमटीची आई' झाले होते. त्याआधी मी कोणीच नव्हते, धाकटीची काळी बहीण होते. मला ते सोडवेना. घसा बंद होतो हे मी नंतर घातलं, कारण साध्या पोटदुखीला लोक फार दिवस घाबरत नाहीत.

आणि बिस्किटं. तुझी हाडं कच्ची राहतील याची मला भीती होती, म्हणून मी ती करणं थांबवलं नाही. दोनशे ग्रॅम पीठ, ऐंशी ग्रॅम तेल, साठ साखर, दूध पावडर तीन मोठे चमचे, चिमूटभर मीठ. मध्यम आचेच्या भट्टीत बारा मिनिटं, कडा तांबूस होईपर्यंत. डब्यावर 'दूध नाही' लिहायचं. कृती मागत होतात ना, ही घ्या. तेरा वर्षं तू रोज दूध खाते आहेस. तेरा वर्षं मी तुला पहिल्या पायरीवर उभं करून ठेवलं.

तुला दूध सोसतं. सगळं सोसतं. तू ओकतेस ते मी बघते म्हणून. तुझं पोट मला घाबरतं.

हे वाचून तू बिस्किटंही टाकशील अशी मला भीती वाटते. म्हणून आधी सांगितलं नाही, असं लिहिणार होते. ते खरं नाही. सांगितलं असतं तर तू परत आली नसतीस, म्हणून नाही सांगितलं. आता खा. मावशीने जे पुढ्यात ठेवलं ते खा. हे पत्र त्या डॉक्टरीणबाईंना दाखव. माझं काय व्हायचं ते होईल.

आई

(पाकिटाच्या मागच्या बाजूला) १९ जुलै. आज पस्तीस कळलं. हे आज टाकते आहे.

२६ जुलै

आई,

तुझं पत्र मिळालं. माझं वजन एकोणपन्नास किलो आहे.

मेसेज मी पाठवत होते, मावशीच्या फोनवरून. तिचे टोमणे मला जमले नाहीत. तिला हे सगळं आवडलं नव्हतं. ती म्हणाली, 'तुझी आई कशीही असली तरी चाळीसच्या खाली जाऊ देणार नाही, त्याच्या आत खरं लिहील बघ.' मी म्हटलं अडतीस. आम्ही दोघी हरलो. डबा बंद करते असं तुझं पत्र आलं त्या दिवशी मावशीने सलून उघडलं नाही. रडत होती. म्हणत होती, 'ताई अशी नव्हती.' तू कंसात लिहिलेलं वाक्य तिने वाचलं आहे. कंसाच्या बाहेरचंही.

पावडर मी अकरा वर्षांची असताना बघितली. तू पीठ चाळत होतीस आणि मी दारात होते. डबा तू कपड्यांच्या साबणामागे ठेवलास. मी नंतर तो उघडला, बोट बुडवून चाटलं, मग वर काय छापलंय ते वाचलं. पाकिटं वाचायला तूच शिकवलं होतंस. मी वाट बघत बसले, मरते का म्हणून. नाही मेले.

मग तरी का ओकत राहिलीस, असं तू विचारशील. कारण ओकले की तू कामावर जायची नाहीस. माझ्या डोक्यावरून हात फिरवायचीस. एरवी नाही फिरवायचीस. पोहायला लागले तेव्हा मला त्याची गरज वाटेनाशी झाली, आणि तेवढ्यात तू सरांना चिठ्ठी लिहिलीस.

इथे आल्यावर मावशीने मला दूध दिलं. पहिल्या वेळी उलटी झाली. काय आहे ते माहीत असूनही झाली. डॉक्टर खऱ्या आहेत, त्या तीस वर्षांच्या आहेत आणि त्यांनी मला सावकाश शिकवलं, आधी चमचाभर, मग अर्धा कप. त्याही तेच म्हणतात, एका वेळी एकच गोष्ट काढायची आणि काही आठवडे बघायचं. मी तुला काढून बघितलं. आता मी सकाळी पेलाभर पिते आणि तलावावर जाते.

तू कधी खरं बोलशील ते मला बघायचं होतं. आता कळलं. पस्तीस किलोला.

सहा तासांची बस आहे. एकदाही आली नाहीस.

तुझी बिस्किटं आम्ही सलूनमध्ये येणाऱ्या बायकांना चहाबरोबर देतो. सगळ्यांना आवडली. डबे धुऊन परत पाठवते आहे. आता लिहू नकोस.

३० जुलै

चिमटे,

लिहू नकोस म्हणालीस, पण एवढं लिहायलाच हवं.

डबे मिळाले. चारही. झाकणांवरची लेबलं तशीच आहेत, तुम्ही काढली नाहीत. पार्सल सोडलं तेव्हा मी आधी डबे हुंगले. साबणाचा वास आला.

तुझं पत्र मी चार वेळा वाचलं. पाचव्यांदा भिंग घेऊन वाचलं. एकोणपन्नास, बरं झालं. देवाशप्पथ बरं झालं, मी ओट्याला धरून उभी राहिले. आणि मग मला तुझा इतका राग आला की हाताशी असतीस तर तुला बडवलं असतं. आईला सहा आठवडे असं जाळायचं? कोणाकडून शिकलीस हे? मी हे मोठ्याने विचारलं, आणि घरात मी एकटीच होते.

वह्या पाठवते आहे. तेरा आहेत. पहिल्या वहीतलं सगळं खरं आहे, रक्ताचं, रडण्याचं, तू पहिल्यांदा हसलीस ते. तेवढी वाच. तिसरी अर्धी खरी आहे. पुढच्या वह्या डॉक्टरांना दे नाहीतर चुलीत घाल.

मावशीला सांग, ते वाक्य मी खोडलं असतं. तिला सांग की चाळीस म्हणाली ते चुकली, पण तिने म्हटलं याचं मला...

ते राहू दे. मी लिहायला बसले ते दुसऱ्याच गोष्टीसाठी.

तुझ्या पत्रात एक चूक आहे. लहान आहे, पण दुरुस्त केली पाहिजे. मी लिहिलं तेव्हा पस्तीस नव्हतं. छत्तीस होतं. तीन दिवस ते पाकीट बंद करून, तिकीट लावून माझ्या पर्समध्ये होतं, रोज टपालपेटीवरून येता-जाता. पण लिहिलं मी छत्तीसला. वरची तारीख बघ.

आई